डुलण्याचा तक्ता

सरांची बायको, म्हणजे आमच्या काकू, ज्या ठिपक्याला सवत म्हणायच्या, तो ठिपका मी शोधला. शोधनिबंधावर पहिलं नाव सरांचं आणि दुसरं माझं, पण पडद्यावर तो आधी दिसला मला. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. आता त्रेपन्न पूर्ण झाली आणि काही नवीन दिसलं की मी आधी चष्मा पुसते.

आमचा धंदा काय ते सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. मोठा तारा मरतो तेव्हा फुटतो. फुटला की त्याच्या पोटातलं लोखंड, गंधक, कॅल्शियम बाहेर येतं आणि हजारो वर्षं पसरत राहतं. ते इतकं तापलेलं असतं की त्यातून क्ष-किरण निघतात. हाड मोडल्यावर दवाखान्यात वापरतात तेच. पण आकाशातून येणारे क्ष-किरण हवेतच अडतात, जमिनीपर्यंत एकही पोचत नाही. म्हणून दुर्बीण वर, पृथ्वीभोवती फिरणारी, आणि आम्ही खाली एका खोलीत जाड पडदे ओढून तिने पाठवलेले आकडे चाळत बसतो. एका जागेवरून कधी तासाला दोन किरण येतात, कधी तेही नाहीत. आम्ही एकेक मोजतो. मयताच्या राखेवरून त्याचं वय काढणारी माणसं आम्ही. लग्नाकार्यात कुणी विचारलं, काय करता हो, की मी सांगते आकडेमोड करते. तिथे विषय मिटतो.

सर माझे गुरू. उंच, किडकिडीत, कानामागे कायम पेन्सिल, आणि ती शोधत सगळं ऑफिस पालथं घालणार. त्यांना राग फारसा यायचा नाही. यायचा तो एकाच गोष्टीचा. न बघता 'बघितलं' म्हणणारा माणूस त्यांना डोळ्यांसमोर नको असायचा. बाकीच्या विद्यार्थ्यांना जग जिंकायचं होतं आणि मी आपली याद्या तपासत, खुणा करत बसलेली. म्हणून सर मला 'कारकून' म्हणायचे. "ही माझी कारकून. हिने टिक केली की मी परत बघत नाही." हे ते पाहुण्यांसमोरही सांगायचे. मला इतका आनंद व्हायचा की काय सांगू.

सरांनी जन्मभर एकच फुटलेला तारा धरून ठेवला होता. त्याचा ढग एका बाजूने तुटलेल्या गोल कड्यासारखा दिसतो, म्हणून आम्ही त्याला फुटकी बशी म्हणायचो. सरांचा प्रश्न साधा होता. एवढा मोठा तारा फुटला की मधे काहीतरी उरायला हवं. गावाएवढा छोटा, पण सूर्याहून जड असा गोळा. फुटक्या बशीच्या मधोमध तो कुणालाच सापडला नव्हता. मग दहा तासांचं एक निरीक्षण झालं आणि मला अगदी मधे एक ठिपका दिसला. सदतीस किरण, सगळे एका जागी.

सर त्या दिवशी खुर्चीवर उभे राहिले होते. खरंच. पन्नाशी ओलांडलेला माणूस खुर्चीवर चढून पंख्याला हात लावून खाली उतरला.

निबंध छापून आला. अर्ध्या जगाने मान्य केला, अर्ध्या जगाने म्हटलं, सदतीस म्हणजे किस झाड की पत्ती. सरांनी पुढची सत्तावीस वर्षं त्या अर्ध्या जगाशी भांडण्यात घालवली. दुसऱ्या देशात मोठी जागा चालून आली होती, ती नाकारली, कारण तिथे दुसरं काम करावं लागलं असतं. मूलबाळ नव्हतं. काकू शाळेत भूगोल शिकवायच्या, त्यांनी सगळा संसार एकटीने ओढला आणि वर थट्टा करायच्या. मी घरी गेले की पहिला प्रश्न, "काय गं, माझी सवत कशी आहे? जाडजूड झाली की नाही?" मग सर आतून ओरडणार, "आधी दुर्बिणीवर जास्त वेळ तर देऊ देत!" दुर्बीण कुणी किती वेळ वापरायची ते एक समिती ठरवते. सरांनी अकरा वेळा अर्ज केला, अकरा वेळा नकार आला. बाराव्यांदा होकार आला. एकशे दहा तास. पण तोवर सरांची फुप्फुसं गेली होती आणि ते नळी लावून पलंगावर पडलेले होते.

"निकाल तूच घेऊन ये," त्यांनी मला सांगितलं होतं. "मेल नको. तू ये."

आता तो तक्ता काय ते सांगायला हवं. दुर्बिणीच्या टोकाला किरण टिपणारी एक चकती असते. तिच्यावर लाखो बारीक चौकोनी घरं असतात. किरण ज्या घरात पडला, ते घर 'आला' म्हणतं. त्यांतली काही घरं लबाड निघतात, काही न पडताच आला आला करत बसतात. दुर्बीण एकटक बघत राहिली तर असं लबाड घर थेट ताऱ्याचं सोंग घेईल. म्हणून दुर्बिणीला मुद्दाम संथ डुलवत ठेवतात. खरा तारा मग या घरातून त्या घरात सरकत जातो, लबाड घर मात्र जागेवरच बोंबलत राहतं. नंतर खाली संगणकावर ते डुलणं काढून चित्र स्थिर केलं की तारा नीट एका ठिकाणी येतो आणि लबाडाची सगळी बोंब पसरून फिकी होऊन जाते. दुर्बीण कुठल्या क्षणी कुठे झुकली होती याची नोंद म्हणजे डुलण्याचा तक्ता. ठिपका दिसला की नाचायच्या आधी हा तक्ता पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बघायचा, हा आमचा पहिला नियम.

आणि हा नियम आमच्या संस्थेत आज कोण शिकवतं? मी. तपासणी विभागाची मुख्य मी. पोरं मला मागून मिरची म्हणतात आणि त्यांना वाटतं मला ठाऊक नाही. दोन वर्षांपूर्वी एका मुलीने अर्धाच तक्ता बघून खूण केली होती. मी तिला भर बैठकीत अशी झाडली की ती रडत बाहेर गेली आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या संस्थेत निघून गेली. मला काही वाटलं नाही. त्या दिवशी मी दुपारी पोटभर जेवलेसुद्धा.

नवीन निरीक्षणाचे आकडे सकाळी अकराला आले. मी एकटी बसले. पहिल्या वेळी दहा तासांत सदतीस, म्हणजे आता एकशे दहा तासांत चारशेच्या वर यायला हवे होते. मधल्या जागेवर आले तेहतीस. तेवढे किरण बशीत कुठेही बोट ठेवलं तरी सापडतात. मी जागा परत तपासली, मापं परत तपासली, चहा घेतला, परत मोजले. तेहतीसच. तिथे काहीच नव्हतं.

गावाएवढा गोळा सत्तावीस वर्षांत विझून जात नाही. मग मी तेव्हा बघितलं ते काय होतं? मी जुनं निरीक्षण उघडलं आणि त्याचा तक्ता पडद्यावर काढला. आता तो एका झटक्यात चित्र होऊन येतो. पहिले तीन तास डुलण्याची छान लाट. मग सरळ रेघ. दुर्बिणीच्या संगणकाने काहीतरी बिनसलं म्हणून डुलणं थांबवलं होतं, आणि पाच तास ते कुणी परत चालू केलं नव्हतं. शेवटचे दोन तास पुन्हा लाट. सदतीस किरणांपैकी चौतीस त्या पाच तासांतले होते, आणि चौतीसच्या चौतीस चकतीवरच्या एकाच घरात.

लबाड घर. सत्तावीस वर्षं आम्ही एका बिघडलेल्या घराला तारा म्हणत होतो.

मला सगळं स्वच्छ आठवलं. तेव्हा हा तक्ता कागदावर छापून यायचा, अकरा पानं, नुसत्या आकड्यांची. मी पहिली दोन पानं बोट ठेवून ओळीनं ओळ वाचली. डुलणं मस्त चालू होतं. पुढची नऊ तशीच असणार म्हणून तपासणीच्या वहीत खूण केली, खाली सही केली. कारण सांगू? भूक लागली होती. दुसरं काही नाही. कुणी आजारी नव्हतं, कसलं संकट नव्हतं. कँटीन बंद व्हायची वेळ झाली होती आणि मला भूक लागली होती. बिघाड चौथ्या पानावर सुरू होत होता.

संध्याकाळी मी घरी न जाता नवऱ्याच्या दुकानात गेले. त्याचं औषधांचं दुकान आहे. गिऱ्हाईक गेल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. तो गोळ्यांची पाकिटं लावत लावत ऐकत होता.

"माझ्या हातून चूक झाली तर माणूस मरतो," तो म्हणाला. "तुमचा तारा तर आधीच मेलाय. सांगून टाक."

"सरांना कसं सांगू रे?"

"तोंडाने."

"चेष्टा सुचतेय तुला."

"अगं, झाकली मूठ सव्वा लाखाची, ते बाहेरच्यांपुढे. सरांपुढे कसली मूठ झाकतेस? त्यांनीच तर तुला मूठ वळायला शिकवली." मग त्याने गल्ल्यामागचं स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाला, "बस जरा. तोंड बघ कसं झालंय."

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले. काकूंनी दार उघडलं. सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "काय गं, भेटली का सवत?" मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि त्यांचा आवाज खाली आला. "वाईट बातमी असेल तर त्यांनी चार घास खाल्ल्यावर सांग. सकाळपासून तुझी वाट बघतायत."

पण सरांनी थांबू दिलं नाही. त्यांचा पलंग आता अभ्यासाच्या खोलीतच लावला होता. पुस्तकांच्या मधे हवा देणारं यंत्र घरघरत होतं. भिंतीवर फुटक्या बशीचं चित्र, मधोमध ठिपका. सर उशीला टेकून बसले होते, कानामागे पेन्सिल. लिहिणं बंद होऊन दोन महिने झाले होते तरी.

"किती?" त्यांनी विचारलं.

"तेहतीस."

"एकशे दहा तासांत?"

"हो."

त्यांना हिशोबाला कागद लागला नाही. त्यांनी डोळे मिटले. यंत्र घरघरत राहिलं. मला वाटलं आता काहीतरी होणार, काकूंना हाक मारावी. पण त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "जुन्यात डुलणं चालू होतं?"

बघा, पडल्या पडल्या, अर्ध्या श्वासावर, त्यांना एका क्षणात कळलं होतं काय झालं असेल ते.

"पाच तास बंद होतं, सर. चौतीस किरण एकाच घरात आहेत."

ते हसले. हसता हसता ठसका लागला, मी पाणी दिलं. "सत्तावीस वर्षं," ते म्हणाले. "चला, मरायच्या आधी कळलं तरी. न कळता गेलो असतो तर ते वाईट झालं असतं." मग बराच वेळ त्यांनी श्वास गोळा केला. "दुरुस्तीचं पत्र छापायला हवं. कुणीतरी आपल्या त्या आकड्यावर अजून इमले बांधत असेल. लवकर कर."

"करते सर."

"तक्ता कोणी बघितला होता तेव्हा?"

अगदी साधं विचारलं त्यांनी. पेन्सिल कुठे ठेवली असं विचारावं तसं. मी सगळं ठरवून गेले होते. जाताना रस्त्यावर शब्द घोकले होते. आणि मी म्हटलं, "आठवत नाही सर. फार वर्षं झाली."

आग लागो माझ्या तोंडाला. पण हेच म्हटलं मी.

सरांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. त्यांनी राग केला असता, वही फेकली असती, ओरडले असते तर मी तिथेच त्यांच्या पायाशी बसून सगळं ओकून टाकलं असतं. ते नुसतं "हं" म्हणाले. मग म्हणाले, "सावकाश आठव. मी आहे अजून थोडे दिवस." आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

काकू ताट घेऊन दारात उभ्या होत्या. मी त्यांच्या अंगावरून निघाले ते चप्पल घालूनच थांबले.

पुढचे नऊ दिवस मी काय केलं ते ऐका. पहिल्या दिवशी दुरुस्तीचं पत्र लिहायला घेतलं. सगळं लिहिलं, तास, घर, किरण, आकडे. 'तक्त्याची पूर्ण तपासणी झाली नव्हती' एवढं लिहिलं आणि ती कुणी करायची होती ते लिहायला हात चालेना. दुसऱ्या दिवशी समितीची बैठक. तिसऱ्या दिवशी दाढ दुखत होती, ती खरंच दुखत होती. चौथ्या दिवशी सरांचा नंबर काढून तो बघत बसले. मग वाटलं, आत्ता झोपले असतील. पाचव्या दिवशी वाटलं, आज त्यांच्याकडे डॉक्टर येतात. सहाव्या दिवशी नवऱ्याने जेवताना विचारलं, "केलास फोन?" मी त्याच्यावर खेकसले, "माझ्या डोक्याशी कटकट करू नकोस!" तो ताट उचलून आत गेला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. सातव्या दिवशी मी नव्या पोरांचा वर्ग घेतला. विषय, तक्ता कसा तपासावा. फळ्यावर लाट काढली, सरळ रेघ काढली, म्हटलं, अशी रेघ दिसली की ठिपक्यावर विश्वास ठेवायचा नाही. एकाने विचारलं, "मॅडम, अशी चूक कुणाच्या हातून झालीय का कधी?" मी म्हटलं, "पुढचा प्रश्न."

घाबरले होते मी. नोकरी गेली नसती, या वयात कोण काढतं. पण सरांनी जगात एकाच माणसाच्या खुणेवर डोळे मिटून भरवसा ठेवला होता, आणि ती खूण खोटी होती, हे त्यांनी माझ्या तोंडून ऐकावं आणि मग माझ्याकडे बघावं, हे मला सोसणार नव्हतं. त्यांच्यासाठी मी कारकूनच राहायला हवी होते. बस, एवढंच.

दहाव्या दिवशी सकाळी सर गेले.

स्मशानातून परत येऊन मी ऑफिसात गेले, कारण घरी बसवेना. मासिकाच्या कचेरीतून मेल आला होता. तुमच्या सहलेखकांनी कालच निबंधाच्या दुरुस्तीचं पत्र पाठवलं आहे, तुमची संमती कळवा. काल. मी ते पत्र उघडलं. छोटंच होतं, सरांच्या बोलण्यासारखं. डुलणं पाच तास बंद होतं, ठिपका खरा नाही, निष्कर्ष मागे घेत आहोत. आणि शेवटची ओळ. 'तक्ता तपासण्याची जबाबदारी माझी होती. ती मी पार पाडली नाही. माझ्या सहलेखिकेचा यात काही दोष नाही.'

मी ती ओळ कितीदा वाचली कोण जाणे. जन्मात ज्यांनी खोटी नोंद केली नाही, त्यांनी शेवटची नोंद खोटी केली होती, माझ्यासाठी. खाली दोन बटणं होती. सहमत, असहमत. असहमत दाबलं की कारण लिहायला एक रिकामी चौकट येते. मी ती चौकट उघडून बघितली. मग बंद केली. नंतर मी काय निस्तरलं ते सोडा, त्या दिवशी मी सहमत दाबलं.

पत्र छापून आलं आणि सगळीकडे सरांचं कौतुक झालं. मरता मरता स्वतःची चूक कबूल करणारा माणूस, आजच्या जगात कुठे मिळतो असा, वगैरे वगैरे. संस्थेत शोकसभा झाली. संचालक बोलले, मग मला बोलायला लावलं. मी बोलले. छान बोलले, तेच तर. शेवटी लोकांनी डोळे पुसले. मी झाडलेल्या त्या मुलीचा तिच्या नव्या संस्थेतून निरोप आला, 'मॅडम, सरांकडून शिकण्यासारखं आहे.' मी तिला उत्तर दिलं नाही.

दीड महिन्याने काकूंचा फोन आला. पुस्तकं काढतेय, तुमच्या वाचनालयाला हवी असतील तर घेऊन जा. मी सुट्टी टाकून दुपारी गेले. पलंग गेला होता, यंत्र परत केलं होतं. जमिनीवर खोकी. काकू खाली फतकल मारून पुस्तकांवरची धूळ झटकत होत्या. भिंतीवरचं बशीचं चित्र काढून कपाटाच्या मागे सरकवलं होतं, त्याची नुसती कड दिसत होती.

आम्ही अर्धा तास खोकी भरली. मग काकूंनी अचानक विचारलं, "तो तक्ता बघायला किती वेळ लागतो गं?"

मी म्हटलं, "तेव्हा कागदावर होता. पाच मिनिटं. फार तर दहा."

"पाच मिनिटं." त्यांनी फडकं मांडीवर ठेवलं. "सत्तावीस वर्षं मी या घरात सवतीबरोबर राहिले. कुठे प्रवास नाही, सण नाही, माझी आई गेली तेव्हा हे अर्ज लिहीत बसले होते. मी कधी बोलले का? थट्टेवारी नेलं. म्हटलं, मोठं काम करतोय माणूस. आणि यांना पाच मिनिटं मिळाली नाहीत तक्ता बघायला? शेवटचं पत्र मीच लिहून घेतलं ना. ते सांगत होते आणि मी लिहीत होते, आणि मनात म्हणत होते, अहो, निदान सवत तरी खरी असायला हवी होती." त्यांचे डोळे कोरडे होते. "आता त्यांचा फोटो बघवत नाही गं मला. रडूसुद्धा येत नाही. नुसता संताप येतो."

काकूंनी माझ्यावर आवाज चढवला असता तर कदाचित मी तेव्हाही गप्प बसले असते. माझी काही खात्री नाही. पण त्या सरांवर चिडल्या होत्या. मेलेल्या माणसाला स्वतःची बाजू मांडता येत नाही, आणि त्यांची बाजू जगात एकट्या माझ्याकडे होती.

"काकू," मी म्हटलं, "तो तक्ता सरांनी बघायचाच नव्हता. ते काम माझं होतं. मी दोन पानं बघितली आणि सगळं बघितलं म्हणून खूण केली. त्यांनी माझ्यावर भरवसा ठेवला, एवढीच त्यांची चूक."



"त्यांना ठाऊक होतं?" काकूंनी विचारलं.

"त्यांच्याकडे अशा याद्या मीच तपासायचे. त्यांना ठाऊक असणारच. त्यांनी मला त्या दिवशी विचारलं, कोणी बघितला. मी म्हटलं, आठवत नाही."

"अस्सं," काकू म्हणाल्या. मग परत, "अस्सं." त्यांनी फडक्याची घडी घातली, मोडली, परत घातली. "म्हणून होय ते."

"काय?"

"तू येऊन गेलीस त्याच संध्याकाळी त्यांनी मला पत्र लिहायला बसवलं. लिहून झालं. मी म्हटलं, लगेच टाइप करून पाठवते. तर म्हणाले, थांब, पाठवू नकोस. तिचा फोन येईल. आला की हा कागद फाडून टाक, मग वेगळं पत्र लिहायचं. मी विचारलं, फोन कशाबद्दल येणार आहे? म्हणाले, ते ती सांगेल. फोन उशाशी ठेवायला लावला मला. आवाज मोठा करून. त्या आवाजाने दचकायचे, धाप लागायची, तरी आवाज कमी करू द्यायचे नाहीत. वाजला की म्हणायचे, उचल, तिचा असेल. कधी माझ्या बहिणीचा असायचा, कधी सिलिंडरवाल्याचा. मी म्हणायचे, अहो, तुम्हीच करा ना तिला. तर म्हणायचे, नाही, तिलाच करू दे. नवव्या दिवशी दुपारी म्हणाले, पाठव आता."

सरांनी माझी चूक पहिल्या मिनिटाला माफ केली होती. मी ज्याला घाबरत होते ते कधी होणारच नव्हतं. मी फोन करावा एवढंच त्यांना हवं होतं, आणि तेवढ्यासाठी ते नऊ दिवस श्वास पुरवून पुरवून घेत होते.

काकू आता रडत होत्या. इतक्या दिवसांनी, सरांसाठी, नीट, आवाज करून. रडता रडता त्यांनी मला विचारलं, अगदी हळू, त्यात राग नव्हता.

"नऊ दिवसांत तुला पाच मिनिटं मिळाली नाहीत का गं?"

"मिळाली होती, काकू," मी म्हटलं.